तिसरा डोस

५ मार्च

आलं एकदाचं. बुटाच्या खोक्यात मावेल एवढं कुत्र्याचं पिल्लू, आणि आल्याआल्या सतरंजीवर मुतलं. हिने फडकं माझ्या हातात दिलं. "तुम्ही काय, दिवसभर घरीच असता." म्हणजे ही कामाला जाणार आणि मी पुसत बसणार. बायको असावी तर अशी.

लेकीने आणून दिलं, पण हिची फूस असणारच. मायलेकींचा कावा मला कळत नाही असं दोघींना वाटतं. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलंय, रोज चाला. मी जिनासुद्धा उतरत नाही. तपासणीलाही लेक दारात गाडी आणते तेव्हाच. मग आणा कुत्रं — त्याला फिरवायला तरी म्हातारा बाहेर पडेल! मी पण पक्का आहे. बघू कोण कोणाला फिरवतं.

नावही लेकीनेच ठेवलं — क्लच. "बाबा, गाडी शिकवताना जन्मभर हाच शब्द ओरडत होतात. आता घरी ओरडा."

७ मार्च

जनावरांच्या डॉक्टरीणबाई घरी येऊन पहिली लस टोचून गेल्या. वयाने लेकीएवढ्या, पण बोलणं चौथ्या गिअरमध्ये. एकूण तीन डोस, मधे तीन-तीन आठवडे. तिसरा झाला की दोन आठवडे थांबायचं, मग जमिनीवर सोडायचं. तोवर बाहेर पाय टेकू द्यायचा नाही. दुसऱ्या कुत्र्यांच्या घाणीतून उलट्या-जुलाबांचा रोग लागतो, आणि पिल्लं बघता बघता हातची जातात.

निघताना दारात म्हणाल्या, "पण कोंडून नका ठेवू हं काका. कडेवर घेऊन रोज खाली जा. हॉर्न, सायकली, माणसं, सगळं बघू दे त्याला. हेच दिवस असतात. आत्ता नाही बघितलं तर मोठं झाल्यावर सावलीलाही घाबरेल."

संध्याकाळी ही आली. काय म्हणाल्या डॉक्टर? म्हटलं, तिन्ही डोस होईपर्यंत बाहेर न्यायचं नाही.

कडेवरचं गाळलं. खोटं नाही बोललो. अर्धं बोललो.

१९ मार्च

बाहेरचा बूट कुरतडला. माझा. खाऊ दे.

२९ मार्च

दुसरा डोस. सुई टोचली तेव्हा माझ्या बाहीत तोंड खुपसून बसला होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कडेवर नेता ना?" नेतो म्हटलं. हे मात्र पूर्ण खोटं.

घरात दोघांचं बरं चाललंय. मी पेपर वाचतो, तो पेपर फाडतो. दुपारी माझ्या पावलांवर अंग टाकून झोपतो, मग पाय हलवायची चोरी. मुंग्या येतात पायाला, तरी हलवत नाही. लळा लागलाय, उगाच नाही कशाला म्हणू.

९ एप्रिल

आज कुकरची शिट्टी झाली आणि क्लच पलंगाखाली गेला. बेल वाजली, पलंगाखाली. खालून टेम्पोचा हॉर्न आला तर जागच्या जागीच मुतला. हाक मारली, बिस्किट दाखवलं, काही उपयोग नाही. शेवटी मी जमिनीवर आडवा झालो आणि आत हात घातला. थरथरत होता बिचारा.

ही म्हणाली, "असं का झालंय याचं? तुमच्यावर गेलाय की काय?" आणि हसली. हसण्यासारखंच होतं, पण मला हसू आलं नाही.

इथे तरी लिहितो, कुणी वाचणार नाही. गेल्या वर्षी बाजाररस्त्यावर पडलो, तेव्हा नुसती छाती नव्हती दुखली. चष्म्याच्या दुकानासमोर, भर गर्दीत, माझी पँट ओली झाली. माणसं गोळा झाली होती. एकाने ओळखलं — "अरे, हे तर ड्रायव्हिंगचे सर!" शुद्ध हरपली असती तर बरं झालं असतं. हरपली नाही. सगळं दिसत होतं, सगळं ऐकू येत होतं. दुखणं बरं झालं. ही लाज काही जात नाही. हिला वाटतं मी छातीला घाबरतो. वाटू दे.

१९ एप्रिल

तिसरा डोस उद्यावर आला. ही आत्तापासून दिवस मोजतेय. पट्टा आणलाय, लाल. "मग काय, सकाळी तुम्ही आणि क्लच!" असं चिडवत आरशासमोर पट्टा स्वतःच्याच मनगटाला गुंडाळून बघत होती.

२० एप्रिल

डॉक्टरीणबाईंना फोन केला. आम्ही गावाला निघालोय, आल्यावर कळवतो. "फार लांबवू नका हं काका," म्हणाल्या.

संध्याकाळी हिने विचारलं, "दिला का डोस?"

दिला म्हणालो. वर हेही सांगितलं की रडला नाही, शहाणा आहे. एकदा बोलायला लागलं की कसं सुचत जातं!

आठवडाभराने फोन करीन. आठ-पंधरा दिवसांनी काय बिघडतंय?

३० एप्रिल

फोन राहिला.

७ मे

अंघोळ करून बाहेर आलो तर घरात कुणी नाही. खिडकीतून पाहिलं. खाली, इमारतीमागच्या मोकळ्या जागेत ही उभी, आणि क्लच गवतात. जिथे साऱ्या वस्तीची कुत्री येतात, नेमका तिथे. नाक जमिनीला लावून हुंगत होता.

ओरडलो. वर आण त्याला! ती हात हलवून हसली. तिला वाटलं, मी कौतुकाने बोलावतोय.

दार उघडलं. जिन्याच्या तोंडाशी गेलो. दोन पायऱ्या उतरलो आणि पाय थिजले. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी दार वाजलं आणि मी परत घरात. शरम वाटते लिहायलाही.

ती वर आली. इतकी खूष बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. "दोन आठवडे झाले की! तुम्ही आणखी आठ दिवस म्हणत होतात, पण माझ्याच्याने राहवेना. आधी घाबरला, मग माझ्या पायाशी आला, मग सुटलाच." मी त्याचे पाय साबणाने धुतले, पुन्हा धुतले. ती म्हणाली, "अहो, साल निघेल त्याची."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं.

१० मे

खातोय, खेळतोय. तरी सारखं नाक बघतो, जीभ बघतो. फोन करायला घेतो आणि ठेवून देतो. काय सांगू त्यांना? गावाहून आलो?

१३ मे

सकाळी दुधाला तोंड लावलं नाही. ही कामावर गेल्यावर उलटी. मग दुसरी. मग जुलाब, रक्ताचे. त्या वासानेच कळलं की हे साधं नाही.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, मी टेबलावरचा पेशंट सोडून येऊ शकत नाही, तुम्ही ताबडतोब घेऊन या.

टॉवेलात गुंडाळला आणि निघालो. जिना कसा उतरलो, आठवत नाही. पायात घरातल्या सपाता होत्या हे दवाखान्यात गेल्यावर कळलं. बाजाररस्त्यावर मधेच दम लागला म्हणून एका पायरीवर टेकलो. वर पाहिलं तर चष्म्याचं दुकान. माणसं जात-येत होती. शर्टाला घाण, कुशीत कुत्रं, तरी कुणी ढुंकून पाहिलं नाही. वर्षभर मी ज्यांना घाबरलो त्यांना माझी पर्वाच नव्हती. उठलो आणि पुढे गेलो.

डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं. मग विचारलं, "तिसरा डोस राहिलाच ना?"

राहिला.

"आईच्या दुधातून आलेली ताकद अंगात असते तोवर पहिल्या डोसांचा पुरता गुण येतोच असं नाही, काका. म्हणून तर शेवटचा चुकवायचा नसतो." रागावून नाही बोलल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

ही कारखान्यातून तडक तिथेच आली. पिंजऱ्याच्या जाळीला बोटं लावून उभी राहिली. "मीच मेलीने त्याला खाली नेलं," म्हणाली आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

१४ मे

तसाच आहे. डोळे उघडत नाही.

दिवसा मी तिथे बसतो, संध्याकाळी ही येते. घरी चूल पेटवायचं कुणाच्या मनात येत नाही. मघाशी हिला लेकीशी फोनवर बोलताना ऐकलं — "बाबा सांगत होते गं, आणखी थांब म्हणून. माझंच मेलीचं चुकलं." कान बंद करावेसे वाटले. आता एका वाक्यात तिचा जीव हलका करता येईल, आणि तेच वाक्य माझ्या तोंडून फुटत नाही. तीस वर्षं लोकांना ब्रेक वेळेवर दाबायला शिकवलं मी.

१६ मे

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजची रात्र काढली तर आशा आहे.

हिने जेवण सोडलंय. ताट पुढे ठेवलं तर म्हणते, नको, तो कुठे खातोय.

१७ मे

काढली! सकाळी जाळीत बोट घातलं तर जिभेने चाटलं. कोरडी, खरखरीत जीभ. मी भर दवाखान्यात रडलो, आणि कोण बघतंय याचा विचारही मनात आला नाही.

१८ मे

थोडं पाणी प्याला, पोटात ठरलं. परवा घरी न्यायचा. पुढे काही आठवडे मात्र घरातच, त्याच्यापासून दुसऱ्या कुत्र्यांना होऊ नये म्हणून. मग राहिलेला डोस. मग बाहेर. ही ऐकून हसली, पण लगेच म्हणाली, "आता मी नाही हो त्याला हात लावणार. माझ्या हाताला यश नाही."

बस झालं. उद्या सांगतो.

१९ मे

सकाळी सांगितलं. सगळं. कडेवरचं गाळलं ते, गावाचं खोटं, डोस, चष्म्याच्या दुकानासमोरची ओली पँटसुद्धा. ती डबा भरत होती. भरायची थांबली नाही. मला ते सोसेना म्हणून म्हटलं, काही का असेना, मला बाहेर काढायला कुत्रं आणलंस आणि शेवटी काढलंसच की बाहेर.

"तुम्हाला?" तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमची आशा मी केव्हाच सोडली होती. संध्याकाळी चालायला मलाच कुणीतरी सोबत हवं होतं. लेकीकडे मीच मागितलं होतं ते."

डब्याचं झाकण लावलं आणि कामाला गेली.