पेटीतला कापूस

मलकापूर, रविवार, दि. ११ ऑक्टोबर १९६४, सकाळी साडेनऊ.

आत्ताच खिडकीशी बसून गाण्याच्या तबकडीवरची धूळ मखमलीच्या तुकड्याने पुसली आणि ही वही उघडली. काल गावाहून, उंद्रीहून सामान आणले. इथल्या जिनिंग कारखान्यात काट्यावर कापूस तोलून नोंदवायचे काम मिळाले आहे. नववीपर्यंत शिकलेल्याला यापेक्षा काय हवे? खोली घरमालकीण झुंबरबाईंच्या माडीवर आहे. हवेशीर आहे आणि मुख्य म्हणजे वीज आहे! मी स्वतः जोडलेला ॲम्प्लिफायर उंद्रीला वीज नसल्यामुळे फडक्यात गुंडाळून पडला होता. काल तो लावला. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापून लाल झालेले पाहून झुंबरबाईंनी विचारले, हा रेडू हाय का चूल हाय? मी म्हणालो, दोन्ही. त्या पुष्कळ हसल्या. एकट्याच राहतात.

दिवाळीनंतर विमल येईल. लग्नाला वर्ष झाले, पण आमचे असे घर नव्हते. ती डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढते आणि शिवाय वाटेत सगळ्यांशी बोलत येते. तिला गाणे नीट ऐकवायचे, अगदी गाणारा समोर बसल्यासारखे. त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

रविवार, दि. १८ ऑक्टोबर.

स्पीकरसाठी फळ्यांची पेटी केली, पण आवाज रांजणातून आल्यासारखा घुमतो. माझ्या पुस्तकात लिहिले आहे की पेटीत कापूस भरावा. जिनिंगमधून मूठभरही आणणे म्हणजे चोरी. झुंबरबाईंपाशी बोललो तर त्यांनी स्वतःच माळ्यावरून एक गादी काढली. त्यांच्या मुलीची, कोकिळेची. गेल्या वर्षी दम्याने ती याच गादीवर वारली. मयताचे अंथरूण वेशीबाहेर टाकतात, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. त्या म्हणाल्या, "टाकाले दोनदा निघाली रे बाप्पा, पण हात सुटला नाही. घरच्या वावरातला कापूस हाय. तुह्या कामी येते तं ने."

मी नको म्हणायला हवे होते. पण बोटांत धरून पाहिला तर धागा लांब, मऊ. नेला. पिंजून घेतला तेव्हा पिंजारी म्हणाला, गादीतला कापूस भोंग्यात घालता, मग भोंगा वाजते का झोपते?

रविवार, दि. २५ ऑक्टोबर.

आवाज असा उघडला की तबल्यावरचे बोट कळते. मात्र गाणे संपून सुई नुसती फिरत असते तेव्हा मागे काहीतरी ऐकू येते. विजेची घूं म्हणावी तर ती एकसारखी असते. हे येते, अडखळते, जाते. ॲम्प्लिफायरमधला एक सुटा भाग, कंडेन्सर, बदलला. घूं कमी झाली, ते मात्र जास्त स्पष्ट झाले.

जिनिंगमधले शेषराव ऐकायला आले होते. म्हणाले, "काटेबाबू, तुमच्या पेटीले पडसं झालं जी!" आम्ही हसलो. झुंबरबाई दारात गहू पाखडत होत्या. त्यांच्या हातातले सूप थांबले.

रविवार, दि. ८ नोव्हेंबर.

विमल आली. जिना चढून आल्यावर धाप लागली, तर स्वतःलाच हसली. दिवाळीचे लाडू छातीवर बसले म्हणाली.

दुपारी ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर पेटीपासून दूर सरकवला. आता घूं जवळजवळ नाही. तबकडी न लावताही ते ऐकू येते.

गुरुवार, दि. १२ नोव्हेंबर.

झुंबरबाई आता जेवणाचे ताट घेऊन वर येतात आणि पेटीसमोर बसतात. मी बटणाकडे हात नेला तर मनगट धरले. "नको बंद करू. तिले आता कुठं नीट श्वास येऊन राह्यला."

विमलला आज एक हंडाही उचलवला नाही.

रविवार, दि. १५ नोव्हेंबर.

डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ आहे. घरी येऊन ही वही मागून पुढे वाचली. विमल आल्यापासून पेटीतला तो आवाज जसजसा स्पष्ट झाला, तसतशी ती खचली. हे मला दिसते आहे. मी हे माझ्या अक्षरात लिहिले आहे.

तरी संध्याकाळी शेवटचा कंडेन्सर बदलला. फक्त खात्री करायला.

विमल भिंतीला टेकून बसली आहे. आडवे झाले की गुदमरते.

मंगळवार, दि. १७ नोव्हेंबर.

पेटीची मागची फळी काढली. कापूस ओलसर. कोमट. वर येतो, खाली बसतो.

बटण बंद केले. विमलची छाती थांबली. ओठ निळे — बटण चालू केले. बराच वेळ काही नाही. मग व्हॉल्व्ह तापले आणि तिने श्वास घेतला. पेटीने घेतला त्याच वेळी.

आता बंद करता येत नाही.

गुरुवार, दि. १९.

कामावर गेलो नाही. झुंबरबाई भाकरी देतात. येता-जाता विमलवरून नाही, पेटीवरून हात फिरवतात. म्हणाल्या, दोघी एकाच श्वासावर हाईत, राहू दे. मी ओरडलो, ही माझी बायको आहे. त्या म्हणाल्या, "अन् ते माही लेक नाही?"

शनिवार, दि. २१.

शेषराव खालूनच सांगून गेले. उद्या विजेच्या तारा बदलणार. दुपारी आपल्या आळीची वीज जाईल. वीज कचेरीत धावलो. बाबू हसला. एक रोज गाणं नाही आयकलं तं काय होते म्हणे.

विमलने विचारले, अहो, मी बरी होईन ना? एवढे बोलायला तिला तीन श्वास लागले. मी हो म्हणालो.

रविवार. दुपार.

कापूस हळूहळू काढून पाहिला, एकेक चिमूट. प्रत्येक चिमटीला ती कळवळते. परत भरला, मागची फळी बसवली —

झुंबरबाई पेटीला टेकून बसल्या आहेत. मी विमलचा हात धरला आहे. डाव्या हाताने लिहितो. अक्षर वाईट येते —

दिवा पिवळा झाला.

गेला. व्हॉल्व्ह विझत आहेत. एक अजून लाल — तोही —

पेटी थांबली नाही.

वीज नाही, तरी पेटी श्वास घेते आहे. मोठा. मोकळा. झुंबरबाई तिच्याशी बोलत आहेत, कोकिळेचे नाव घेऊन, ऊठ म्हणत आहेत —

विमलच्या तोंडाशी आरसा धरला. आरसा स्वच्छ, वाफ नाही —

मागची फळी आतून कुणी ढकल