विहिरीचं प्रकरण

अब्बा, काल तो आला होता. ज्या साहेबांचं आत्मचरित्र तुम्ही लिहून दिलंत, त्यांचा मुलगा. साहेबही आता नाहीत. पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची म्हणाला, तुम्ही न लिहिलेलं एक प्रकरण वाढवून. चहा अर्धाच प्यायला आणि जाड पाकीट टेबलावर ठेवलं.

तुमच्यामागे मीही दुसऱ्यांच्या नावाची पुस्तकं लिहिते. तुम्ही पानामागे पैसे घ्यायचात, मी पूर्ण पुस्तकाचे ठरवते, निम्मे आधी. उरलेल्या पैशांसाठी सांगलीहून पार कडेगावपर्यंत हेलपाटे ठरलेले. पुस्तकावर नाव नसतं, मग भांडायचं तरी कशाच्या जोरावर? घर चालतं एवढंच. या पाकिटात तीन-चार पुस्तकांचे असतील.

तेवढंच जाड पाकीट मी पूर्वी पाहिलंय. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून कागद तपासताय, अम्मी भाकरी थापतेय. साहेबांच्या आटपाडीच्या मळ्यात विहीर खोदताना सुरुंग उडून एक मजूर मेला होता. तो दारू पिऊन उतरला, असं त्यांना पुस्तकात हवंय. तो दारूला शिवत नव्हता हे तुम्हाला माहीत आहे, त्याची मुलगी शाळेत तुमच्याच वर्गात शिकते. मी म्हणते, घ्या की अब्बा, छप्पर गळतंय. तुम्ही पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवता.

"लिहिण्याचे एवढे पैसे कुणी देत नाही. हे कशाचे आहेत ते आधी विचार."

पानांचे होते तेवढे घेतलेत, बाकीचे परत केलेत. ते प्रकरण लिहिलं नाहीत. शाळा साहेबांच्याच संस्थेची. जूनमध्ये तुमची बदली पाटणला झाली. तिथल्या पावसात छातीचं दुखणं जडलं आणि त्यातच तुम्ही गेलात. बदल्या होतच असतात, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

काल मी त्याला सांगितलं, एका प्रकरणाचे एवढे होत नाहीत. तो हसला. "ताई, भाव नका सांगू. तुमच्या अब्बांनी सांगितला, आन् पाटणला गेले." मग चप्पल घालता घालता म्हणाला, "तुमचा पोरगा आमच्याच शाळंत मास्तर हाय न्हवं? कायम न्हाई झाला अजून?"

त्या मजुराची मुलगी आता भाजी विकते. बाजारात भेटली की मास्तरांची मुलगी म्हणून जास्तीची कोथिंबीर घालते.

पाकीट अजून टेबलावरच आहे, उघडलेलं नाही. पण त्यांना हवं तसं प्रकरणाचं पहिलं वाक्य लिहून झालंय, अब्बा. वाचलं तर तुम्हीच लिहिलंय असं वाटेल.