अर्ध्या गोळीची साक्ष

विसरवाडी,
सोमवार सकाळ

तीर्थरूप रूपसिंग दाजींना,

धाकटा मेहुणा दानियल याचा प्रभूच्या नावाने सलाम. साखर कारखान्याच्या गेटवर आपण खुशाल असाल, गुडघा थंडीत फार कुरकुरत नसेल आणि एस्तेरने विणलेला मफलर निदान कधीमधी गळ्यात असेल, अशी आशा धरतो. इकडे तूर काढून झाली, म्हैस गाभण आहे, एस्तेर बरी आहे. ताईबद्दल खाली लिहितो. नाताळला तुम्हाला रजा मिळाली नाही, तुमच्या वाटणीचा कोंबडा मी खाल्ला, तोही चांगला होता.

फोन का नाही केला, असं मनात येईल. तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून तुम्ही फोन स्पीकरवर लावता, आणि मग उसाच्या ट्रॅक्टरांची अख्खी रांग माझी तब्येत ऐकते. मागच्या वेळी मी छातीतल्या धडधडीचं सांगत होतो, तर मागून कुणीतरी म्हणालं, मास्तरांचं लग्न करून टाका. (माझ्या आणि एस्तेरच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली.) म्हणून हे पत्र. सुरत गाडीचा ड्रायव्हर भरत संध्याकाळपर्यंत गेटवर पोचवेल. चष्मा लावून वाचा, मोठ्याने वाचू नका.

तर माझा आजार. दीड वर्षापूर्वी भर बाजारात, भेंडी घेताना, माझ्या हातापायांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आणि मी मरतोय अशी पक्की खात्री झाली. मी भेंडीवालीला तसं सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, आधी पिशवी धरा. नंदुरबारला नेलं, छातीची ईसीजी पट्टी काढली, डॉक्टर म्हणाले हृदय बैलासारखं आहे. मग दुसऱ्या, मनाच्या डॉक्टरांनी सांगितलं की याला पॅनिक अटॅक म्हणतात, याने माणूस मरत नाही, त्याला फक्त तसं वाटतं. (फक्त!) ताईने गावात पित्त म्हणून सांगितलं, आणि त्यामुळे महिनाभर घरोघरचं कोकम सरबत माझ्या पोटात गेलं. गोळ्या मात्र लागू पडल्या. आता डॉक्टर त्या सोडवताहेत, पण एकदम नाही. एकीची पाऊण, पाऊणची अर्धी, अर्धीची पाव, प्रत्येक पायरीवर काही आठवडे आणि प्रत्येक वेळी त्यांना विचारून. एकदम सोडली तर फार त्रास होतो, असं त्यांनी मला तीनदा बजावलंय.

ती गोळी एवढीशी असते, दाजी. एस्तेर ती अडकित्त्याने कातरते. एकदा अर्धा तुकडा उडून अंगणात गेला आणि ताईच्या कोंबडीने तो टिपला. आम्ही दोन दिवस तिच्यावर नजर ठेवली. ती आधीपासूनच खुडूक बसलेली, त्यामुळे गुण आला की नाही ते कळलं नाही.

गोळी कमी केली की धडधड मधूनमधून डोकावते. त्यावर डॉक्टरांनी युक्ती दिली आहे: श्वास हळूहळू सोडायचा आणि समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. मागच्या महिन्यात दुसरीच्या वर्गात मला सुरू झालं. मी खुर्ची धरली आणि म्हणालो, खिडकी. तीस पोरं ओरडली, खिडकी! मी म्हणालो, घंटा. पोरं म्हणाली, घंटा! पाचव्या वस्तूला दारात केंद्रप्रमुख उभे. शेरेबुकात लिहून गेले की मास्तरांचं अध्यापन कृतियुक्त आणि भावपूर्ण आहे. बावीस वर्षांच्या नोकरीतला हा माझा सगळ्यात चांगला शेरा.

इथपर्यंत ठीक होतं. पण मी अर्ध्या गोळीवर आलो, एस्तेरला राहवलं नाही, तिने पाळकांना सांगितलं, आणि पाळक म्हणाले, रविवारी साक्ष द्या. तुम्हाला माहीत आहे आपल्याकडे साक्ष म्हणजे काय असतं. माणूस उभा राहतो, देवाने काय केलं ते सांगतो, बाया डोळे पुसतात. मी दोनच वाक्यं पाठ केली होती. पहिलं, देवाच्या कृपेने माझी गोळी सुटत आहे. दुसरं, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू सुटत आहे, कुणी आपल्या मनाने असं करू नये.

पहिलं वाक्य झालं आणि समोर दीडशे डोळे दिसले. हात कापायला लागले, माईक कापायला लागला, घामाने सदरा भिजला. दुसरं वाक्य गेलं कुठल्या कुठे. मी डोळे मिटले, उघडले आणि डॉक्टरांची युक्ती सुरू केली. बाकडं, म्हणालो. मंडळी म्हणाली, आमेन! ढोलक. आमेन! पंखा. हालेलुया! घड्याळ म्हणेपर्यंत माझ्या डोळ्यांतून पाणी, आणि पाचवं नाव शांतीबाईचं घेतलं, कारण ती समोरच बसली होती. ती तिथेच गुडघ्यांवर आली. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की माझ्यावर आत्मा उतरला आणि मास्तर एका क्षणात मोकळे झाले.

खरं लिहितो, मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. दीड वर्ष लोक माझ्याकडे भिजलेल्या पिल्लासारखं बघत होते, आणि आता हात मिळवायला रांग लागली. नवापूरच्या सभेचं आमंत्रण आलं. मला बरं वाटलं, दाजी. रोज सकाळी दार लावून अर्धी गोळी खायची आणि बाहेर येऊन सलाम घ्यायचे. लाज वाटते लिहिताना.

आता ताई. तिने त्या रविवारी संध्याकाळपासूनच बीपीची गोळी बंद केली. कुणाला बोलली नाही. मागच्या गुरुवारी तुरीच्या शेतात घेरी येऊन खाली बसली, तेव्हा आशा सेविका सुनिताने बीपीचा पट्टा लावला. वरचा आकडा एकशे नव्वद. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी आजच्या आज सुरू करा, नाहीतर लकवा होऊ शकतो. ताई म्हणते, धाकट्याचा विश्वास एवढा आणि मी मोठी बहीण असून गोळी खाऊ? मी तिच्यापुढे बसून सगळं कबूल केलं. ती म्हणाली, हा तू बोलत नाहीस, तुझ्या तोंडून सैतान बोलतोय. (आपल्या बोलीत ती याहून बरंच काही म्हणाली, ते मराठीत बसत नाही.)

मग पाळकांकडे गेलो. ते मला रागावले, बरोबरच रागावले. म्हणाले, गोळीही देवानेच दिली, जा आणि उरलेलं वाक्य बोल. काल पुन्हा उभा राहिलो. पुन्हा कापलो. पण गोळ्यांची पट्टी खिशातून काढून वर धरली आणि दुसरं वाक्य पूर्ण म्हटलं. आमेन कुणी म्हणालं नाही. नंतर दगामामा जवळ आला आणि हळूच म्हणाला, मीपण साखरेच्या आजाराची गोळी सोडली होती रे, आता घरी जाऊन खातो. आता गावात सगळ्यांना खरं ठाऊक आहे. एक ताई सोडून, कारण ती घेरीमुळे चर्चला आलीच नव्हती, आणि सांगायला गेलेल्यांना ती म्हणते, तुम्ही माझ्या भावावर जळता.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला तेल लावत जा.

आपला,
दानियल

ता. क. : शनिवारी या. वाटल्यास गुडघा दुखतो म्हणून रजा मागा, ते खोटंही नाही. तुम्हाला टीबी झाला होता तेव्हा सहा महिने रोज सकाळी ताई तुमचं तोंड उघडून जीभ वर करून बघायची, गोळी गिळली की नाही ते. तुम्हाला त्याची आठवण तिला करून देता येईल. मला नाही येणार.

ता. क. २ : आजपासून मी पाव गोळीवर जाणार होतो. डॉक्टर म्हणाले, घरातली काळजी मिटेपर्यंत अर्धीवरच थांबा. म्हणजे तिची सुरू होत नाही म्हणून माझी सुटत नाही.

ता. क. ३ : पाकीट चिकटवणार एवढ्यात ताई आली. एस्तेरने शेवटी तिला माझी कातरलेली गोळीच दाखवली. ताईने तो तुकडा चिमटीत धरून उजेडात बघितला. मग म्हणाली, खा माझ्यापुढे. मी खाल्ली. तिने माझं तोंड उघडून जीभ वर करून बघितलं. मी तिच्या गोळ्या पुढे केल्या, म्हटलं, आता तुझी. तर म्हणाली, माझं तोंड बघायला माझा माणूस दिवाळीपासून आला नाही, तो आला की खाईन. शनिवारपर्यंत थांबू नका, दाजी. भरत परत येताना त्याच्याच गाडीत बसा.