कुलपाची रेझरं आणि दादाचं घर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कुलपं दुरुस्त करणे आणि किल्ल्या बनवून देणे, राहणार याच दुकानाच्या मागच्या घरात, असे लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, हात कापत नाही, आणि हा मजकूर कोणी लाडीगोडीने किंवा डोळे वटारून माझ्याकडून लिहून घेतलेला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही. डोक्याबद्दलचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी तो सांगितला, आणि दुरुस्तीला टाकलेलं दवाखान्याच्या कपाटाचं कुलूप त्यांनी कोणत्या वारी न्यायचं कबूल केलं होतं तेही सांगितलं. पुढचे प्रश्न त्यांनी विचारले नाहीत.

वकीलसाहेबांनी मला एक मसुदा करून दिला होता. मसुदा चोख होता, पण तो कोणाचाही असता. म्हणून त्यातली कामाची वाक्यं ठेवून बाकीचं मी माझ्या पद्धतीने लिहिते आहे. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी त्यांनाच नेमते. मसुदा वापरला नाही याचा राग त्यांनी धरू नये.

१) माझी माणसं. मी लग्न केलं नाही. कारणं ज्यांना हवी होती त्यांना त्या त्या वेळी ऐकवली आहेत. मला दोन भाऊ. थोरला दादा माझ्याबरोबर राहतो आणि दुकानात कानस चालवतो. धाकट्याला आम्ही अजून धाकट्याच म्हणतो, जरी त्याचे केस माझ्याआधी पांढरे झाले. तो जमीन मोजणीच्या कचेरीतून निवृत्त झाला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो.

२) जंगम मालमत्तेत सगळ्यात आधी माझा कुलपाच्या रेझरांचा संग्रह. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हे दाढीचं रेझर दिसायला घरोघरी असायचं तसंच, फक्त त्याच्या दांड्यात एक बारीकसं कुलूप असतं. इथल्या मनोरुग्णालयात वॉर्डबॉय आत ब्लेड घालायचा, किल्ली फिरवून कुलूप लावायचा आणि मगच रेझर रुग्णाच्या हातात द्यायचा. दाढी व्हावी पण ब्लेड बाहेर निघू नये, अशी ती सोय. किल्ली वॉर्डबॉयच्या कमरेला. या किल्ल्या नाजूक, ऊठसूट मोडायच्या आणि दुरुस्तीला आमच्या दुकानात यायच्या. बाबांच्या शेजारी बाकावर बसून मी त्या घासायला शिकले.

दादा ऐन तारुण्यात आजारी पडला आणि त्याच इस्पितळात काही वर्षं राहिला. त्या काळात बाबा या किल्ल्यांना हात लावीनात. मला म्हणाले, तू कर. मी केल्या. माझा भाऊ आत आणि त्याच्या रेझरची किल्ली माझ्या बाकावरच्या शेगड्यात पकडलेली, हे मला रोज दिसत होतं, आणि मला फार वाईट वाटायचं.

दादा घरी आला, दुकानात बसू लागला, आणि एक दिवस माझ्या हातातली किल्ली त्याने ओळखली. मला वाटलं आता हा उठून आत जाईल. तो उलट स्टूल ओढून जवळ बसला आणि सांगायला लागला. तिथे आधी सगळ्यांना रांगेत बसवून दाढ्या करायचे. दोघं धरायचे, तिसरा पातं चालवायचा. मग ही कुलपाची रेझरं आली आणि ज्याची त्याची दाढी ज्याच्या त्याच्या हातात आली.

"पहिल्या दिवशी अर्धी तशीच राहिली," दादा म्हणाला, "पण माझी मी केली."

हे सांगताना तो इतका खूश होता की त्याच आठवड्यात मी भंगारवाल्याकडून पहिलं रेझर आणलं. तेव्हापासून आम्ही दोघांनी किती जुने बाजार पालथे घातले त्याला गणती नाही. लोक विचारतात, बाईमाणसाला दाढीची हत्यारं कशाला. मी विचारते, तुम्ही जमवलेली टपालाची तिकिटं लावून पत्रं कधी पाठवता. बऱ्याच रेझरांच्या किल्ल्या हरवलेल्या होत्या, त्या मी चाचपून, घासून, पुन्हा घासून नव्या केल्या. एकही कुलूप फोडलेलं नाही, हे माझ्या पश्चात कोणी माझ्याविषयी दोन शब्द बोलणार असेल तर जरूर सांगावं.

हा सगळा संग्रह, कपाटासकट, मी परिचारिका विद्यालयाला देते. तिथल्या मोठ्या बाई दरवर्षी नव्या मुलींना दुकानात घेऊन येतात आणि प्रत्येकीला रेझर हातात धरायला लावतात. संग्रहालयाचे एक गृहस्थही दोनदा येऊन गेले. त्यांना ही रेझरं काळोख्या खोलीत, लाल दिव्याखाली, साखळ्यांच्या शेजारी मांडायची होती. मी त्यांना चहा दिला आणि दादाशी गाठ घालून दिली. दादाने त्यांना विचारलं की तुम्ही सकाळी दाढी लाल दिव्यात करता का. ते पुन्हा आले नाहीत. विद्यालयाला अट एकच, रेझरं उजेडात ठेवावीत.

३) अपवाद एका रेझरचा. ते मी घासूमास्तरांना देते. हे निवृत्त चित्रकला शिक्षक माझ्यासारखेच कुलपाची रेझरं जमवतात आणि हाताला लागेल ते पॉलिश लावून असं घासतात की त्यावर कोरलेला वॉर्डाचा आकडासुद्धा उरत नाही. यावरून आमचं आजवर कडाक्याचं वाजलेलं आहे. त्यांच्या वाट्याला मी माझ्याकडचं सगळ्यात काळं पडलेलं रेझर ठेवलं आहे. त्यांनी ते घासू नये. घासल्यास वकीलसाहेबांनी ते परत आणावं आणि दादाने त्यांना चार शब्द सुनवावेत.

४) बँकेतली शिल्लक दादाची. त्याची औषधं त्याने चुकवू नयेत, आणि तो चुकवतही नाही. मध्ये दोनदा तब्येत बिघडली तेव्हा स्वतःच डॉक्टरांकडे गेला, आठवडाभर राहिला, परत आला आणि राहिलेलं काम पुरं केलं. दुकानातली हत्यारंही त्याचीच. माझा चष्मा ज्याला लागेल त्याने घ्यावा. माझी छत्री माझ्याकडे नाहीच. ती वकीलसाहेबांच्या कचेरीत राहिली आहे आणि त्यांनी ती वापरायला काढल्याचं मी पाहिलं आहे.

५) आता घर. हे घर आणि पुढचं दुकान मी स्वतःच्या कमाईतून घेतलं आहे. बाबा इथे भाडेकरू होते. त्यात दुसऱ्या कोणाचा हक्क किंवा हितसंबंध नाही.

धाकट्याचं म्हणणं मी इथे प्रामाणिकपणे मांडते, कारण तो वाईट माणूस नाही. छप्पर गळलं की पहिला तोच येतो. त्याचं म्हणणं असं की घर त्याच्या नावावर करावं आणि दादाला शेवटपर्यंत राहू द्यावं. दादाच्या नावावर घर गेलं तर कोणी गोड बोलून त्याची सही घेईल आणि दादा रस्त्यावर येईल, ही त्याची खरी धास्ती आहे. वकीलसाहेबांच्या मसुद्यातही हाच मार्ग होता. मलाही तो बरा वाटला होता. मी दादाला तो वाचून दाखवला. तो कानशीने एक किल्ली घासत होता. त्याने घासणं थांबवलं नाही.

"म्हणजे मी घरात राहीन," त्याने विचारलं, "की मला घरात ठेवतील?"

मी तो मसुदा घडी करून खणात टाकला.

पुढच्या आठवड्यात धाकट्या आला तेव्हा मी त्याला माझा बेत सांगितला. त्याचा पारा चढला. म्हणाला, असला कागद एक दिवस टिकणार नाही. "वेड्यांची रेझरं जमवणारी बाई, आणि घर कोणाला देते, तर..." एवढं बोलला आणि त्याला दादा चहा घेऊन दारात उभा दिसला. दादाने त्याच्या कपात साखर घातली, ढवळली आणि कप त्याच्या पुढ्यात ठेवला. धाकट्याने तो मान खाली घालून संपवला. मला त्याचा राग आला होता आणि त्याची कीवही आली.

तर, घर आणि दुकान मी दादाला देते. राहण्यापुरतं नाही, कोणाच्या देखरेखीखाली नाही, पूर्ण मालकीने. विकावंसं वाटलं तर त्याने विकावं, आणि फसला तर त्याने फसावं. आम्ही बाकीचे कितीदा फसलो, आमच्याकडून कोणी घर काढून घेतलं नाही. त्याच्या पश्चात काय करायचं यासाठी त्याने स्वतःचं मृत्युपत्र करावं असं मी त्याला सुचवलं आहे. तो म्हणतो, आधी तू जा तर खरी.

६) साक्षीदार. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने त्यावर साक्ष घालू नये, असं वकीलसाहेबांनी मला बजावलं आहे. पहिले साक्षीदार शेजारचे केशकर्तनवाले आहेत. माझी शिडी गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडे आहे. ती मी त्यांना देत नाही, नाहीतर त्यांची साक्ष बाद व्हायची. ती मी फक्त परत मागत नाही.

७) धाकट्याला या मृत्युपत्राने मी काहीही देत नाही. हे रागाने नाही. बाबांची पितळी मोजपट्टी त्याला फार आवडायची, ती मी मागच्या महिन्यात त्याच्या हातात दिली, म्हणजे इथे लिहायला नको. त्याला कोरडा ठेवायचं कारण वेगळं आहे. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी त्याच्यासाठी ठेवली आहे. उद्या कोणी म्हणालं की म्हातारी भ्रमिष्ट होती आणि घर भलत्याच्या हाती गेलं, तर ज्याचं सगळ्यात जास्त गेलं त्याचीच सही खाली असावी. मग परका काय, तो स्वतःसुद्धा या कागदाला हात लावू शकणार नाही. हे मी त्याला तोंडावर सांगितलं आहे. तो म्हणाला, तू महा बिलंदर आहेस. येईन की नाही ते त्याने सांगितलं नाही.

धाकट्या, सही करच असं मी म्हणणार नाही. तू नाही आलास तर वकीलसाहेबांचा कारकून आहे, कायद्याला तोही चालतो. पण मला तू हवा आहेस. दादालाही हवा आहेस, तो तुला हे सांगणार नाही म्हणून मी सांगते.

येणेप्रमाणे लिहिलं, वाचून पाहिलं, दादाला वाचून दाखवलं. त्याने एक दुरुस्ती सुचवली होती, की त्याला कानस चालवणारा न म्हणता कारागीर म्हणावं. तो कारागीर आहे, हे इथे नोंदवते.

ठिकाण : दुकानामागची खोली
दिनांक : २३ सप्टेंबर, दुकानाच्या सुट्टीचा दिवस

लिहून ठेवणार : (सही) ताई, कुलूपवाली

साक्षीदार पहिला : बाईंनी माझ्यासमोर, माझ्याच पेनाने सही केली.
(सही) शेजारचे केशकर्तनवाले

साक्षीदार दुसरा : सगळा मजकूर दोनदा वाचला. कलम पाच मला पटलेलं नाही. ताईने माझ्यासमोर सही केली तेव्हा ती पूर्ण शुद्धीत होती. दादा शेजारी बसला होता. तोही पूर्ण शुद्धीत आहे.
(सही) धाकटा भाऊ