मंत्र्यांच्या नावाचा बेडूक

ती. मनांग पुरिंग हिस,

धाकट्या डोरिंगचा आदरपूर्वक नमस्कार. मोठ्या बहिणीचा हात कपाळाला लावायची आपली रीत कागदावर कशी पाळायची ते मला अजून कळलेलं नाही, तेव्हा ही ओळ वाचताना तूच आपला हात जरा पुढे कर. इकडे आम्ही देवाच्या कृपेने बरे आहोत (आम्ही म्हणजे मी, माझा ड्रायव्हर आणि कुलगुरूंच्या बंगल्यातली एक पाल, जी माझ्या आधीच्या कुलगुरूंपासून तिथे नोकरीला आहे). तुझा गुडघा कसा आहे? लेप डॉक्टरने सांगितलेला लावतेस की शेजारणीने सांगितलेला? रक्तदाब असताना सुकी मासळी खाऊ नये, हे मी विज्ञानाच्या आधारे सांगते. तू ऐकणार नाहीस, हे अनुभवाच्या आधारे.

तुझं पत्र मिळालं. तू लिहितेस की पेपरातली माझी बातमी तू खानावळीच्या भिंतीवर, बाळ येशूच्या, आपल्या सांतो निन्योच्या मूर्तीखाली चिकटवली आहेस आणि बाचोयच्या शेवया खायला येणाऱ्याला ती वाचल्याशिवाय वाडगा मिळत नाही. 'निर्भीड शास्त्रज्ञ कुलगुरूंनी मंत्र्याला न जुमानता ओढा वाचवला.' मनांग, या मथळ्यात 'ओढा' एवढाच शब्द खरा आहे. बाकीचं कसं घडलं ते तुला सांगितल्याशिवाय घास खाली उतरत नाही, म्हणून लांबलचक लिहिते आहे. गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचू नकोस.

मी काय होते ते तू पाहिलं आहेस. माझं लग्न जमावं म्हणून आई चर्चमध्ये नऊ दिवसांची प्रार्थना धरायची आणि मी तेव्हा डबक्याकाठी बसून कुठला बेडूक कुणाला हाका मारतो ते ऐकत असायची. (प्रार्थना बेडकांना लागू पडली असावी, त्यांची लग्नं भराभर जमत.) मग मला विभागप्रमुख केलं, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. सभांमध्ये मी गप्प बसायचे, म्हणून लोक मला शहाणी समजू लागले. खरं तर मला तिथे झोप यायची. अशी झोपेत मी कुलगुरू झाले. पदवीदान समारंभाला आमचे मंत्री कासिमिरो बुएनाव्हिदेस आले, त्यांना माझं भाषण आवडलं (मी दिलेलं नाही, त्यांच्यासाठी लिहिलेलं) आणि ते म्हणाले, "डॉक्टोरा, तुमच्यासारखी माणसं माझ्याजवळ हवीत." तेव्हापासून मी सरकारची सल्लागार. सल्लागाराचं काम असं असतं, की मंत्री आधी ठरवतात, मग विचारतात, आणि आपण खोल विचार केल्यासारखा चेहरा करून तेच सांगायचं. चेहऱ्याचा भाग मला फार छान जमायला लागला होता.

आता मूळ गोष्टीकडे येते. आमच्या प्रयोगशाळेचं छत गळतं. बरण्यांमध्ये ठेवलेले बेडूक मेल्यावरही पावसात भिजतात. नव्या इमारतीची फाईल मंत्र्यांच्या टेबलावर पडून होती. त्याच सुमारास माझी जुनी विद्यार्थिनी रोवेना (हल्ली आमच्याकडे शिकवते, गेल्या नाताळात तुझ्याकडे जेवायला आली होती आणि चिंचेची आमटी तीनदा मागून घेतली, तीच) एक नवीन बेडूक घेऊन आली. नखाएवढा, पाठीवर सोनेरी रेघ, जगात कुणी नोंदवलेला नाही. दोन पावसाळे ती त्याच्यामागे ओढ्यात उभी होती. त्याला आपल्या आईचं नाव द्यायचं असं तिच्या मनात होतं. आई लोकांचे कपडे धुऊन हिला शिकवणारी बाई. मी रोवेनाला खुर्चीत बसवलं, कॉफी दिली आणि समजावलं की आईला कळणारही नाही, आणि मंत्र्यांना मात्र कळेल. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, मॅम." आमच्या शास्त्रात एकदा छापलेलं नाव पुसता येत नाही. मंत्री जातात, बेडूक राहतो. हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

बेडकाला मंत्र्यांचं नाव द्यायचा समारंभ झाला. बेडकाचं वर्णन मी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. 'नर आपल्या आकाराच्या मानाने फारच मोठा आवाज करतो. जवळ कुणी आलं की एकदम गप्प होतो. अंड्यांची काळजी मादी घेते.' मागच्या रांगांमध्ये विद्यार्थ्यांना एकाच वेळी खोकला झाला. मंत्री माझ्या कानाशी लागले, "जरा मोठ्या जातीचा नव्हता का?" मी म्हटलं, "सर, हा दुर्मीळ आहे." त्यावर ते खूश झाले. फाईलवर सही झाली.

त्याच आठवड्यात मंत्र्यांकडे जेवण होतं. भाजलेलं डुक्कर होतं, त्यांचा मेहुणा होता. मंत्र्यांनी कुरकुरीत कातड्याचा मोठा तुकडा माझ्या ताटात घातला आणि विचारलं, "डॉक्टोरा, सिबुकाव गावचा तो तिगबी ओढा. काय आहे हो तिथे?" मेहुण्याला तिथे खडीची खाण काढायची आहे हे मला ठाऊक होतं. मी तो चेहरा केला आणि म्हणाले, "दगड आहेत, सर." "आम्हाला दगडच हवेत," मेहुणा म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले. मग ठरलं की गावात जनसुनावणी आहे, तिथे सल्लागार म्हणून मीच जाऊन लोकांना सांगायचं, की या ओढ्यात जपण्यासारखं काही नाही.

मनांग, तू हुशार आहेस, तुझ्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नव्हतं. रोवेनाचा बेडूक याच ओढ्यातला. ज्या निबंधावर माझं नाव दुसरं छापलंय त्यात ते स्वच्छ लिहिलेलं आहे, पण मी त्याचं शीर्षक वाचलं होतं आणि शेवटचे आभार. मधलं वाचायला वेळ नव्हता. पूर्वी मी नुसता आवाज ऐकून बेडूक कुठल्या ओढ्यातला ते सांगायची, हे आठवून मला आता कुठे तोंड लपवावं ते कळत नाही.

मला कळलं ते गावाच्या वेशीवर, मंत्र्यांच्या सचिवाशेजारी गाडीत बसलेली असताना. रस्त्यावर बांबूची मोठी कमान होती. तिच्यावर टाय लावलेल्या हिरव्या बेडकाचं चित्र, आणि खाली लिहिलेलं, 'माननीय मंत्री बुएनाव्हिदेस यांच्या बेडकाच्या गावी आपलं स्वागत'. सचिवाने ते वाचलं, मी वाचलं, मग आम्ही एकमेकांकडे बघितलं. "डॉक्टोरा," तो हळूच म्हणाला, "गाव चुकलं असेल." गाव चुकलेलं नव्हतं. मी ड्रायव्हरला म्हणाले, गाडी वळव. पण तोवर गावचा बँड सुरू झाला होता.

सुनावणी शाळेच्या मैदानातल्या छपराखाली होती. गावप्रमुख, त्याला सगळे कापितान म्हणतात, माइक सोडायला तयार नव्हता. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "आमच्याकडे शिकलेली माणसं कमी. तेव्हा डॉक्टोरा, तुम्हीच सांगा. मंत्र्यांचा बेडूक आमच्या ओढ्यात राहतो की नाही? नसेल तर कमान उतरवतो." माझ्या हातात सचिवाने टाइप करून दिलेला कागद होता. त्यावर होतं की ओढ्यात जपण्यासारखं काही नाही. मागच्या बाकावर रोवेना बसली होती, मांडीवर छत्री घेऊन. ती माझ्याकडे अगदी शांत बघत होती, परीक्षेत उत्तर आठवत नसलेल्या मुलाकडे शिक्षक बघतो तशी. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं. ते धैर्यही मला झालं नाही. मी म्हणाले, "राहतो."

मग जे झालं ते पेपरात आलंच आहे. टाळ्या, बँड, कागदाच्या फुलांचा हार. कापितानने माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. "काय डाव टाकलात डॉक्टोरा. आधी बेडकाला मंत्र्याचंच नाव चिकटवलंत. आता स्वतःच्या नावावर तो कुदळ मारणार कशी?" मी हारातली फुलं सरळ करत राहिले. लोकांना तो विनय वाटला. जाताना रोवेना माझ्यासाठी शहाळं घेऊन आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "मॅम, तुम्हाला माहीत नव्हतं ना?" मी म्हटलं, "नाही." तिने मान डोलावली, शहाळ्यात नळी घालून दिली आणि गेली. तिने हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला रोज सकाळी वाटतं आणि दुपारपर्यंत वाटेनासं होतं.

मंत्र्यांचा फोन आला तेव्हा मी उभी राहिले. (फोनवर उभं राहून उपयोग नसतो, तरी.) ते म्हणाले, "डॉक्टोरा, टाळ्या वाजल्या म्हणे."

"हो, सर."

"माझ्या नावाला?"

"नावाला, सर."

"मग ओढा वाचवायचं मी आधीच ठरवलं होतं. तसं लिहून पाठवा." मी तसं लिहून पाठवलं. मेहुण्याला पलीकडच्या बाजूचा डोंगर मिळाला. तिथे अजून कुणी बेडूक शोधलेला नाही.

हे इथेच थांबलं असतं तर मी कशीबशी मान वर केली असती. पण मंत्र्यांना आपल्या बेडकासोबत फोटो हवा झाला. ओढ्यावर सगळे गेलो. मी तिथे प्रथमच जात होते, आणि ऑफिसच्या बुटांनी पहिल्याच दगडावरून पाण्यात बसले. ड्रायव्हरने काखेत हात घालून उचललं. बेडूक आजूबाजूला ओरडत होते, आम्ही जवळ गेलो की गप्प होत होते. रोवेनाने एक पकडून मंत्र्यांच्या तळहातावर ठेवला. फोटोग्राफर म्हणाला, सर, हा फोटोत तीळ दिसतोय. तेव्हा सचिवाने गाडीतून एक पिशवी आणली. आत बाजारातला एक धष्टपुष्ट बेडूक होता, खाण्यासाठी पाळतात त्यातला, मांड्या पाहूनच लसूण आठवावा असा. मंत्र्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि हसले. मी शेजारी उभी होते, ओल्या स्कर्टने, हसत. फोटो मंत्र्यांचं नाव मिळालेला जगातला दुर्मीळ बेडूक म्हणून छापून आला. मनांग, पृथ्वीवर बेडकांचा अभ्यास करणारी माणसं फार थोडी, आणि त्या सगळ्यांनी तो पाहिला. क्वालालंपूरच्या माझ्या जुन्या सहकाऱ्याने दुसरं काही लिहिलं नाही, 'तळून की रश्शात?' एवढंच विचारलं. नशीब की तुमच्याकडच्या पेपराने तो फोटो घेतला नाही.

आणि परवा रोवेना ऑफिसात आली. टेबलावर झाकणाला भोकं पाडलेला डबा ठेवला. आत ओल्या पानावर एक चिमुकला बेडूक होता, निळसर पोटाचा. वरच्या धबधब्यापाशी सापडला म्हणाली, हाही नवाच दिसतोय. मी आनंदाने उठले, किती दिवसांनी तशी उठले. तेवढ्यात तिने विचारलं, "मॅम, याला कुणाचं नाव द्यायचं ते आधीच सांगता का? म्हणजे मी मनात काही ठरवणार नाही." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी तो शोधत होते, सापडला असता तर मला रागावता आलं असतं. मी म्हटलं, "तुझ्या आईचं." ती म्हणाली, "बरं, मॅम. पण थांबूया थोडं. तुमचं काय ठरतंय ते बघू." डबा घेऊन ती गेली. माझा शब्द ही आता वाट बघून ठरवायची गोष्ट झाली आहे.

तेव्हा ते कात्रण भिंतीवरून काढ, अशी विनंती आहे. गिऱ्हाइकांना कारण सांगायचं तर ओल आली म्हणून सांग. गुडघ्याला जप. सगळ्यांना माझा नमस्कार.

तुझी,
डोरिंग

ता. क. सुकी मासळी खाऊ नकोस असं वर लिहिलं आहे, तरी कुणी इकडे येणार असेल तर त्याच्याबरोबर थोडी पाठव.

ता. क. दुसरा. हे पत्र लिहिण्याचं खरं कारण आता सांगते. दुसरा बेडूक सापडल्याचं मंत्र्यांच्या घरी कळलं आहे (माझ्याकडूनच, जेवताना विषय निघाला). त्यांच्या पत्नी सोमवारी सकाळी मला फोन करणार आहेत. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, पण नवऱ्याचा बेडूक आहे आणि आपला नाही, हे त्यांना बरेच दिवस खुपतं आहे. मी होकार दिलेला नाही. नकारही दिलेला नाही. तर मनांग, सोमवारी त्यांच्या आधी तू मला फोन कर. लहानपणी कुणाच्या झाडाचा आंबा घेऊन आले की ज्या आवाजात परत द्यायला पाठवायचीस, त्याच आवाजात बोल. विज्ञानाचं काही बोलावं लागणार नाही. 'डोरिंग, नाही म्हण,' एवढंच म्हण, आणि मी 'हो मनांग' म्हणेपर्यंत फोन ठेवू नकोस.

ता. क. तिसरा. बाईंचं नाव एस्पेरान्सा आहे. बेडकाला तसं काही वाईट दिसणार नाही. हे वाक्य मी आत्ता खरोखरच लिहिलं आहे, तेव्हा सोमवारची वाट बघू नकोस, रविवारीच फोन कर.