मधला भराव

प्रिय पळपुट्या,

बॅडमिंटन खेळताना तुझी टाचेमागची कंडरा, म्हणजे पोटरीला टाचेशी बांधणारी दोरी, तुटली आणि शिवून झाल्यावर सर्जनबाईंनी तुला नेमकं माझ्याकडे फिजिओथेरपीला पाठवलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तुझं नाव वाचल्यावर मी चहा मागवला आणि चक्क गरम असताना प्यायले.

लग्न ठरलेलं असताना तू माझ्या भावाकडे निरोप दिलास, की आपल्यात फार अंतर आहे, मध्ये नुसता भराव आहे. स्वतः येऊन सांगायला तोंड नव्हतं तुला. दादा बिचारा ते सांगताना खिडकीबाहेर बघत होता. तो 'भराव' मला अजून सलतो. माफबिफ काही केलेलं नाही.

आता माझ्या कामातलं ऐक. तुझं जे तुटलं ते संयोजी ऊतक, म्हणजे शरीराला जोडणारा, तोलून धरणारा माल. त्यात पेशी थोड्याच, त्याही एकमेकींपासून लांब. मध्ये त्यांनीच तयार केलेले धागे आणि ओलसर भराव. हो, भरावच! हाडं, नाकाच्या शेंड्यातली लवचीक कूर्चा, कातडीखालची चरबी (तुझी बरीच वाढलीय म्हणे), अगदी रक्तसुद्धा याच कुळातलं. आणि कंडरेचा जोर सगळा त्या मधल्या धाग्यांत. ज्याची तुला किंमत नव्हती, त्याच्याच जिवावर तू पळून गेलास.

कंडरेला रक्त कमी मिळतं, म्हणून ती रडतखडत भरते. नवे धागे आधी कसेही आडवेतिडवे पडतात. रोज बेताने ताण दिला, की मग ते सरळ लागतात आणि वजन पेलतात. भलेभले पहिलवान माझ्यासमोर आईला हाका मारतात.

काल तुझ्या बायकोचा फोन आला होता. गोड बोलते. ह्यांना दुखणं सोसत नाही, कुणा हळू हाताच्या बाईंकडे द्या, म्हणाली. शेजारच्या खोलीत तशा एक आहेत. शेक देतील, चौकशी करतील, तू खुशीत राहशील आणि पुढे लंगडशील. माझ्याकडे आलास तर नीट चालशील. गरजेपेक्षा केसभरही जास्त ताणणार नाही, शब्द देते. गरज तेवढी पुरेशी आहे. तुला कोण हवंय ते कळव, एवढ्यासाठीच हे पत्र. मी टेबल पुसून ठेवलंय.

तुझीच,
टाचेपुरती