तुळजापूरचा नवस, व्हाया पेनसिल्व्हेनिया

३ ऑगस्ट २०२५, रविवार, सकाळी ९
बार्शीहून सासूबाईंचा फोन. पहिला प्रश्न तब्येतीचा, दुसरा ओटीचा. यांचं ग्रीन कार्ड आलं की तुळजापूरला येऊन भवानीची खणानारळाने ओटी भरीन, असा नवस मी बोलले होते. कार्ड यायला अकरा वर्षं लागली. येऊन दीड वर्ष झालं. देवीने अकरा वर्षं लावली तेव्हा मी काही बोलले का? तरी म्हटलं, आई, यंदाचं नवरात्र संपायच्या आत फेडते. शब्द दिला.
पैशाचा प्रश्न नाही. विमानातलं जेवण शिळं असतं, म्हणून लांबतंय.

दुपारी ४
शेजारच्या हेलेनाबाईंनी (वय ऐंशी, पोलिश, एकट्याच राहतात) त्यांच्या चर्चचं पुस्तक दिलं. पोलिश वारसा, तीर्थस्थळं आणि निसर्ग, सगळ्या एका दिवसात जाऊन यायच्या सहली. पान अकरावर डॉइल्सटाउनची टेकडी आणि तिथली त्यांची देवी, येशूची आई. काळी. डोक्यावर मुकुट. लोक चालत जातात, नवस बोलतात. फोटोकडे बघतच राहिले. आई जगात एकच. तिने आमच्या स्टेट कॉलेज गावापासून साडेतीन तासांवर शाखा उघडलेली असताना मुख्य कार्यालयात गर्दी कशाला करायची?
ठरलं. पुढच्या रविवारी पहाटे पाचला निघणे. नवस फिटेपर्यंत बटाटा बंद.

९ ऑगस्ट
सामान जमवलं. खण शरयू काकूंकडच्या हळदीकुंकवातला. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना दिला होता, फिरून आला. म्हणजे देवीच्याच नशिबात होता. नारळ सुपरमार्केटचा, शेंडी नसलेला. सासूबाई म्हणतात तसला ओटीत चालत नाही. पण सासूबाई कधी अमेरिकेत आलेल्या नाहीत.
निधीला म्हटलं, चल. ती म्हणाली, मॉम, इट्स अ चर्च. सोळाव्या वर्षी एवढंच दिसतं.

१० ऑगस्ट
मी पाचला उठले. बाकीची दोघं साडेआठला. टोल फुकट कशाला भरायचा, म्हणून यांना टोल टाळणारा रस्ता लावायला सांगितला. फोनमधली बाई वळा म्हणाली की हे मुकाट्याने वळतात. मी म्हटलं असतं तर चर्चा झाली असती. दीड वाजता एका तळ्यापाशी होतो. निधी उतरली आणि म्हणाली, आय ॲम नॉट गेटिंग बॅक इन दॅट कार.
पुस्तकात बघितलं तर ते तळं पान चोवीसवर, निसर्ग या सदरात. म्हणजे सहल पुस्तकातलीच झाली. तळ्याला हळदकुंकू वाहिलं. एक रेंजर येऊन विचारू लागला, पाण्यात काय टाकलं. टर्मरिक, म्हटलं. त्याने लिहून घेतलं. चौकस माणूस.
येताना फ्राइज. इतकं तळल्यावर बटाट्याचा अंश राहत नाही.

२४ ऑगस्ट
दुसरी स्वारी. पुन्हा बिनटोलचा रस्ता, यावेळी डोंगरातून. वाटेत कोळशाच्या खाणीचं जुनं गाव आणि तिथल्या पोलिश चर्चची जत्रा. पान सात, वारसा. पाच मिनिटं थांबू, हे म्हणाले. तंबूत बायका पिएरोगी करत होत्या. म्हणजे उकडलेल्या करंज्याच. आत बटाटा आणि चीज, पण करंजीला कोणी बटाटा म्हणत नाही. सहा खाल्ल्या. त्यांना कडा मुडपायला येईनात, म्हणून दोन करून दाखवल्या. एकीने लगेच मला एप्रन बांधला. चार वाजले. हे तोवर अकॉर्डियन ऐकत मान डोलवत बसलेले. घरी भजन लावलं की यांची मान दुखते.
गाडीत आलो तर डॅशबोर्डवरचा नारळ उन्हाने तडकलेला, पाणी विम्याच्या कागदांवर. हे चिडले. यांना खूण कळत नाही. देवीने तिथूनच नारळ वाढवून घेतला. निम्मा नवस फिटला असं धरायला हरकत नाही.
सासूबाईंना तसं कळवलं. त्या म्हणाल्या, निम्मी ओटी कशी भरतात गं?

१४ सप्टेंबर
पितृपक्ष. जाता येत नाही. हे म्हणाले, ३१ तारखेला कुठे होता पितृपक्ष? ३१ तारखेला पडद्यांचा सेल होता. घेतले नाहीत, पण बघायला तर हवं.

२१ सप्टेंबर
उद्या घट बसतात. सासूबाई म्हणाल्या, शुभा, जमणार नसेल तर मोकळेपणाने सांग. म्हटलं, आई, येत्या रविवारी फायनल. त्या बरं म्हणाल्या. ते बरं मला काही आवडलं नाही.
हेलेनाबाईंना सोबत न्यायचं ठरवलं. देवीच्या माहेरचं माणूस बरोबर असलेलं चांगलं.

२८ सप्टेंबर, संध्याकाळी ७
हेलेनाबाई पुढच्या सीटवर बसल्या आणि यांना सरळ टोलच्या रस्त्याला लावलं. साडेनऊला पोचलो. टोल आला की मी खिडकीबाहेर बघत होते.
आत गेले आणि हात आपोआप जोडले गेले. काळा चेहरा, गालावर दोन वार, कडेवर मूल. नजर अशी की आल्यागेल्याची चौकशी केल्याशिवाय सोडणार नाही. पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढले. हेलेनाबाईंनी विचारलं, हे काय? माझ्या इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, वचन हिला दिलं होतंस? म्हटलं, हिला नाही, हिच्या थोरल्या बहिणीला. मग इथे कशी आलीस? म्हटलं, ती फार लांब आहे.
त्या म्हणाल्या, माझा मुलगा दुखण्यातून उठला तेव्हा मीही पोलंडातल्या मूळ आईला कबूल केलं होतं. नवरा खाणीत होता. नऊ वर्षं लोकांची घरं पुसली आणि गेले. इथे दरवर्षी येते, पण ते तिच्याशी बोलायला. कबूल केलेलं तिच्या दारात जाऊनच द्यायचं.
म्हटलं, विमानातलं जेवण फार शिळं असतं. त्या म्हणाल्या, मी डबा नेला होता.
ओटीचं सामान परत पिशवीत. हे हसतील वाटलं होतं. हसले नाहीत. गाडी चालवताना एवढंच म्हणाले, डिसेंबरात निधीला सुट्टी आहे. म्हटलं, पैशाचा प्रश्न नाही, पण तो सीझन नाही.

३० सप्टेंबर, अष्टमी, सकाळी ८
दोन दिवस त्या डब्याचंच डोक्यात. शेवटी ठरलं, डिसेंबरात जायचं. तिघांनी. यांना म्हटलं, काढा तिकिटं, किती का असेनात. हे माझ्याकडे बघतच राहिले. मग लॅपटॉप घेऊन बसले. मी बार्शीला फोन लावला. म्हटलं, आई, डिसेंबरात येतेय, ओटी भरायला.
त्या म्हणाल्या, अगं, मी कालच जाऊन आले की. गुडघे बोलतात, पण थेट एसटी मिळाली. तुझ्या नावानेच भरली, खण चांगला काठाचा घेतला. पुजाऱ्यांनी विचारलं, सूनबाई का नाही आल्या? म्हटलं, अमेरिकेत असतात हो, परिस्थिती बेताची आहे. देवीलाही तेच सांगितलं. म्हटलं, पोरीचं मनावर घेऊ नकोस, तिला नाही परवडत.
यात टोमणा शोधत होते. नव्हता. खरंच कळवळून सांगत होत्या. वर म्हणाल्या, तू उगाच खर्चात पडू नकोस आता.
फोन ठेवला. हे म्हणाले, तारीख सांग, कितीची बघू? ओटी तर भरून झाली होती, आता तारीख कशाची सांगायची?